खांद्यावरची तारीख

पाण्याखाली जाताना पाठीवर टाकी बांधतात. तिच्यात ऑक्सिजन असतो असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, माझी हरकत नाही. हवाभाऊंची होती. त्यांच्यासमोर कुणी 'ऑक्सिजनची टाकी' म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे, त्या माणसाकडे पूर्ण वळायचे आणि म्हणायचे, "ऑक्सिजन नाई बाप्पा, हवा. साधी हवा. तू आता घेऊन राह्यला, तेच." समोर ठाणेदार असो, पेपरवाला असो, की जिची म्हैस विहिरीत पडलीय ती बाई असो. म्हैस खाली डुंबत असायची आणि वर हवेचा धडा चालायचा. पेपरात दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ऑक्सिजन'च छापून यायचं आणि भाऊ पेपरवाल्याला फोन लावायचे. त्या बिचाऱ्यानं भाऊंचा नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावानं ठेवला होता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथं लिहिण्यासारखं नाही.

हवाभाऊ हे नाव त्यातूनच पडलं. तोंडावर सगळे भाऊ म्हणत, पाठीमागे हवाभाऊ. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

माझी त्यांची ओळख झाली तीही अशाच एका म्हशीमुळे. मी तेव्हा मंगरूळपीरच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. म्हणजे लोकांच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. किन्हीराजाकडच्या एका विहिरीत म्हैस पडली, बचाव पथकाची पोरं आली, आणि म्हशीला शांत करायचं इंजेक्शन द्यायला मला दोराला बांधून खाली सोडलं. म्हैस वर आली, मीही आलो. काठावर एक उंच, काळा, पाठीत जरा वाकलेला माणूस उभा होता. त्यानं माझी विचारपूस वगैरे काही केली नाही. बैलाचे दात पाहून वय सांगता येतं का, एवढंच विचारलं. येतं म्हटलं. "मंग आमच्या पथकात या," तो म्हणाला. मला वाटलं, पथकात बैल पाळलेत की काय.

बैल नव्हते, टाक्या होत्या. पण भाऊंच्या लेखी फारसा फरक नव्हता. त्यांचे वडील बैलांचा व्यापार करायचे आणि भाऊंचं बालपण बाजारात बैलांचे जबडे उघडण्यात गेलेलं. पुढं ते घरातून पळून समुद्रकाठी गेले. जहाजांची बुडं घासणाऱ्या एका कंपनीत पाणबुडे म्हणून राहिले, कितीतरी वर्षं पाण्याखाली काढली आणि परत आले ते कुठं, तर वाशीम जिल्ह्यात! इथून समुद्र कोणत्या दिशेला आहे हे सांगताना माणसं हात उचलून मधेच थांबतात. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत भाऊंना पाहिलं की लोक विचारायचे, भाऊ, आज यातच डुबकी मारता का? भाऊ रागवायचे नाहीत. पावसाळा लागला, तलाव भरले, गणपती-दुर्गादेवीचे दिवस आले की याच लोकांची धावाधाव होते हे त्यांना माहीत होतं. दरवर्षी कुणीतरी पाण्यात जातंच, आणि मग घरची माणसं काठावर बसून राहतात. निदान देह तरी मिळावा म्हणून. भाऊ आणि पथकाची पोरं तो काढून द्यायची. त्याबद्दल भाऊ कधीही बोलत नसत. बोलायचे ते टाक्यांबद्दल.

कापसाच्या एका बंद गोदामामागे पथकाची खोली होती. तिथं भिंतीला साखळी लावून टाक्या ओळीनं उभ्या असत. प्रत्येकीला नाव होतं. राखाडी होती तो भुऱ्या. रंगाचे पोपडे गेलेली तो बांड्या. टाकी म्हणताना बाई आणि नाव घेताना बैल, असा त्यांचा व्याकरणाचा कारभार होता. टाकीला मानेखाली जो उतार असतो त्याला खांदा म्हणतात, हे मला तिथं कळलं. त्या खांद्यावर ती कधी बनली आणि शेवटची कधी तपासली ते ठोकून कोरलेलं असतं. भाऊ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पाह्य डॉक्टर, हे दात. बैलाचे तोंडात रायतेत, याचे खांद्यावर."

तपासणीचं त्यांना भारी वेड. मोटरसायकलच्या टायरमध्ये असतो त्याच्या शंभरेक पट दाब टाकीत असतो, आणि ती माणसाच्या पाठीवर असते, हे ते नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत. पोरगा तिथंच निम्मा गार व्हायचा. मग दर वर्षी आत बारीक दिवा सोडून गंज पाहायचा, मानेच्या आट्यांत भेग पाहायची. दर काही वर्षांनी टाकी नागपूरकडच्या तपासणी केंद्रात पाठवायची. तिथं टाकीत पाणी भरतात, तिला पाण्यात उभी करतात आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. तिचं अंग फुगतं. दाब काढला की अंग परत जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर ती नापास. बाजारात बैल घेताना चाकं बांधलेली गाडी ओढायला लावतात, त्यातलाच प्रकार, असं भाऊ समजावायचे. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

एकदा ते बांड्याला एसटीनं घेऊन निघाले. कंडक्टरनं अडवलं, ग्यासची टाकी गाडीत चालत नाही म्हणाला. भाऊंनी ती ग्यासची नाही, रिकामी आहे, वरचा व्हॉल्व्हसुद्धा काढलाय, हे सगळं सांगून पाहिलं. शेवटी टाकीच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढून तिथं ओठ लावले आणि फुंकली. भोंग्यासारखा आवाज आला. मागच्या बाकावरचं एक लेकरू रडायला लागलं. कंडक्टरनं विचारलं, मग हे काय नेऊन राह्यले? भाऊ म्हणाले, पेशंट आहे, तपासायला नेतोय. त्या कंडक्टरला काय वाटलं देव जाणे, त्यानं पेशंटला खिडकीजवळची जागा दिली. परत आल्यावर भाऊंनी हे आम्हाला सांगितलं ते हसण्यासाठी नव्हे. एसटीचे लोक अजून चांगले आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

सगळ्यांनाच भाऊ चांगले वाटले असं मात्र नाही. एका पुढाऱ्यानं पथकाला टाकी भेट दिली. मंडप, हार, माईक, सगळं साग्रसंगीत. टाकी चकचकीत पिवळी, नवरीसारखी. पुढाऱ्यानं भाषणात पथकाला लवकरच गाडी देण्याचंही कबूल केलं. टाळ्या पडल्या. भाऊ आभार मानायला उठले, टाकीपाशी गेले, खांद्यावरून अंगठा फिरवला आणि खिशातून चाकू काढला. मी खालून खुणा करत होतो, राहू द्या, नंतर पाहू. छे. त्यांनी मंडपासमोर तो पिवळा रंग खरवडला, खालची तारीख वाचली आणि माईकवर जाहीर केलं की टाकीवर रंग नवा आहे पण टाकी जुळलेली आहे, तपासल्याशिवाय पाण्यात जाणार नाही. जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, वय झालेला बैल. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते बरोब्बर कळलं आणि त्यांच्यात खसखस पिकली. पुढाऱ्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

गंमत पुढं आहे. टाकी तपासणीला गेली आणि उत्तम पास होऊन आली. भाऊ लाजले का? नाव नको. तिचं नाव चांद्या ठेवलं आणि तिला ओळीत पहिलं उभं केलं. गाडी अर्थातच मिळाली नाही. पोरं चिडली, आता आम्ही आयुष्यभर माल वाहायच्या ऑटोतच जायचं का, म्हणाली. भाऊंचं म्हणणं असं की पास झाली हे खरं, पण तपासल्यावर कळलं ना. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा म्हशीच्या पोटात गॅस झालेला बरा, असं मला अनेकदा वाटलेलं आहे.

भुऱ्या मात्र नापास झाला. तो त्यांनी समुद्रकाठाहून आणलेला, सगळ्यात जुना. नापास टाकी शाबूत ठेवली तर कधीतरी कुणीतरी ती भरतं, म्हणून तिचे दोन तुकडे करायचे, हा नियम. भाऊंनी हॅकसॉ घेतला आणि दुपारभर एकटेच कापत बसले. पोरं मदतीला गेली तर हाकलून दिली. संध्याकाळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाढलेलं ताट तसंच राहिलं. काकू म्हणाल्या, सासरे वारले तवा जेवले होते हे.

आता खांदशेकणीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदा कडक झालेला असतो. त्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानांनी चोळायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. भाऊंच्या घरी बैल उरले नव्हते. तर हा गृहस्थ त्या दिवशी सगळ्या टाक्या अंगणात आणून ओळीनं मांडायचा. तूप नाही, कारण दाबाच्या हवेचं आणि तेला-तुपाचं पटत नाही. कोरड्या फडक्यानं खांदा पुसायचा, तारीख मोठ्यानं वाचायची. तारीख चालू असेल तर काकू खांद्यावर कोरड्या हळदीचं बोट लावणार आणि आवतन देणार. तारीख उलटून गेली असेल तर हळद नाही, आवतन नाही. त्या टाकीवरची अक्षरं भिंतीकडे फिरवून ठेवायची, तपासून येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी मिळते म्हणून पोरं येत आणि तोंड दाबून हसत. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर आमच्या पथकातली एकही तारीख कधी चुकली नाही ती त्या हळदीमुळे.

आणि असा हा माणूस स्वतःला तपासू देत नव्हता.

ते माझ्या लक्षात आलं रिठदजवळच्या एका तलावावर. एक तरुण बुडाला होता, आई-बाप काठावर बसले होते. दोन पोरं आधी जाऊन रिकामी आली. मग भाऊ उतरले आणि देह घेऊनच वर आले. सगळे तिकडे धावले. भाऊ बाजूला एका दगडावर बसले. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर, उजवा हात डाव्या खांद्यावर. मी जवळ गेलो तर म्हणाले, पट्टा आवळला होता. पट्टा तर सैल लोंबत होता. मी जनावरांचा डॉक्टर असलो तरी डोळे माणसाचे आहेत. मला भीती वाटली. हा माणूस पुढच्या खेपेला खाली जाईल आणि त्याला काढायला दुसऱ्या कुणाला उतरावं लागेल, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं.

थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकानं डॉक्टरचा दाखला द्यावा. पोरांनी देऊन टाकले. भाऊ एका सकाळी माझ्या दवाखान्यात आले. बाहेर गाई-गोऱ्हे बांधलेले. भाऊ त्यांच्यामागे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "तुमीच लिहून द्या."

मी म्हटलं, माझा शिक्का चार पायांच्यासाठी आहे. ते म्हणाले, मग मलाही ढोरच समजा, घरी तेच समजतात. मी म्हटलं, चला, आत्ता माझ्या गाडीवर वाशीमला जाऊ, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढू, तासाभराचं काम. त्यावर त्यांनी पाठीमागच्या गाईचा जबडा उघडून दात पाहिले. मग म्हणाले, "जुनं यंत्र हाय डॉक्टर. चालू हाय तवरक कायले खोलाचं?"

"हेच बांड्याबद्दल कोनी म्हटलं असतं तर?" मी विचारलं.

भाऊ गोऱ्ह्यांमधून वाट काढत निघून गेले. मला इतका राग आला की पुढच्या गोऱ्ह्याला सुई टोचताना माझा हात जरा जोरात गेला. त्या मुक्या जनावराचा काय दोष होता?

मी काकूंकडे गेलो. काकू म्हणजे बुटकी, कमी बोलणारी बाई. जिना चढताना ते आजकाल मधेच थांबतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतात, हे त्यांना माहीत होतं. खूप सांगून पाहिलं, म्हणाल्या. रडूनही झालं. मग त्यांनी विचारलं, खांदशेकणी परवाच ना? परवाच होती. बरं, म्हणाल्या, आणि मला चहा दिला.

खांदशेकणीच्या संध्याकाळी अंगणात नेहमीसारख्या टाक्या मांडल्या. भाऊंनी तारखा वाचल्या, काकूंनी हळद लावली. चांद्या, बांड्या, सगळे पास. भाऊ फडकं झटकून उठणार, तेवढ्यात काकूंनी ओळीच्या शेवटी एक पाट ठेवला आणि म्हणाल्या, "बसा."

भाऊंना वाटलं काहीतरी पूजेचं असेल. बसले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची वरची बटणं काढली, सदरा डाव्या खांद्यावरून खाली ओढला आणि त्या खांद्यावरून अंगठा फिरवला. अगदी भाऊ फिरवायचे तसाच. पोरं हसायला लागली.

"यांची तारीख कोनती हाय डॉक्टर?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, तारीखच नाही. कधी तपासलंच नाही.

काकूंनी हळदीची वाटी खाली ठेवली. भाऊंच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना पाटासकट भिंतीकडे फिरवू लागल्या. एवढ्या बुटक्या बाईला तो उंच माणूस काही फिरेना. मग भाऊंनीच पाय उचलले आणि वळून बसले. भिंतीकडे तोंड करून. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. पोरांनी हळूहळू चपला घातल्या.

भिंतीकडे पाहतच भाऊ म्हणाले, "डॉक्टर, गाडीत पेट्रोल हाय का?"

पोळ्याचं पुरण त्या वर्षी कुणी खाल्लं नाही. वाशीमहून त्यांना तडक अकोल्याला पाठवलं, तिथं छाती उघडून ऑपरेशन झालं. अजून थोडे दिवस पाण्यात उतरते तर वर आले नसते, असं तिथला डॉक्टर मला म्हणाला. ऑपरेशनच्या आधी नर्स नाकाला मास्क लावायला आली. काका, घाबरू नका, नुसता ऑक्सिजन आहे, म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. आता धडा सुरू होणार. पण या वेळी तो खरोखरच ऑक्सिजन होता. भाऊंनी नुसता हात वर करून तिला थांबवलं आणि खाटेशेजारच्या उभ्या सिलेंडरकडे बोट दाखवलं. मला कळलं. मी उठलो, वाकलो आणि त्याच्या खांद्यावरची तारीख वाचून दाखवली. चालू होती. "लावा मंग," भाऊ नर्सला म्हणाले. त्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू दाखल मलाच करायला हवं होतं.

माणूस वाचला. पण पाण्यात उतरायचं नाही, कधीच नाही, असं डॉक्टरनं बजावलं. म्हणजे नापास. भाऊ घरी आले, अंगात थोडं बळ येईपर्यंत थांबले आणि एके दिवशी त्यांनी आपला पाण्यात घालायचा काळा रबरी सूट काढला. काकूंची कापड कापायची कात्री घेतली आणि कमरेतून त्याचे दोन तुकडे केले. मी समोर बसलो होतो. चांगला सूट होता, पोरांपैकी कुणाला आला असता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण भुऱ्याची आठवण झाली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर ज्याच्या जिवावर ताठ चाललो ते आपल्या हातानं कापायचं, हे मला जमलं नसतं.

पुढच्या वर्षी खांदशेकणीला मी मुद्दाम गेलो. माझी बदली झाली होती, तरी गेलो. तारखा आता एक पोरगा वाचत होता. भाऊ दुरुस्त्या सांगत होते, नेहमीप्रमाणे न विचारता. सगळ्या टाक्यांना हळद लागली. मग भाऊंनी स्वतःच पाट उचलला, भिंतीपाशी नेला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तोंडावर हसू वगैरे काही नव्हतं. नियम म्हणजे नियम.

काकू त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "इकडं फिरा," म्हणाल्या.

"मी नापास हावो," भाऊ भिंतीला म्हणाले.

"पान्याले," काकू म्हणाल्या. "घराले नाई."

भाऊ वळले. काकूंच्या हातात या वेळी दोन वाट्या होत्या, एक हळदीची आणि एक तुपाची. एका पोरानं विचारलं, काकू, डॉक्टरनं तूप बंद केलंय ना? पोटातून बंद आहे, वरून चालते, काकू म्हणाल्या. त्यांनी भाऊंचा सदरा खांद्यावरून खाली केला. छातीवरचा ऑपरेशनचा लांब व्रण दिसला. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला, तारीख वाचल्यासारखा. मग पळसाच्या पानानं हळद-तूप त्या कडक झालेल्या खांद्याला हळूहळू चोळलं. सावकाश, कसलीही घाई न करता, बैलाला चोळतात तसं.

"आज आवतन घ्या," त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले या."

बैल काही बोलत नाहीत. टाक्याही बोलत नाहीत. भाऊ म्हणाले, "येतो."